मागून बसलेली गाडी

समोरून येणारी प्रत्येक गाडी दिव्यांची उघडझाप करायला लागली, तेव्हा आधी वाटलं पुढे कुठेतरी पोलीस टपून बसला असेल. इथे मिशिगनमध्ये एकमेकांना सावध करायची ती जुनी पद्धत आहे. मी गुमान वेग कमी केला. दोन मैल गेले, पोलीस नाही. हरीणही नाही. मग एका ट्रकवाल्याने प्रखर झोत सरळ माझ्या तोंडावर धरला आणि भोंगा दाबूनच तो पार झाला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. माझेच दिवे लोकांच्या डोळ्यांत जात होते. मागे सहा ढोल, चार ताशे, पताकांचे दांडे, मखराच्या प्लायवूडच्या फळ्या आणि मधल्या सीटवर पथकातली तीन दणकट मुलं. गाडीचं बूड रस्त्याला टेकायच्या बेतात होतं आणि नाक आभाळाकडे.

दुसऱ्या दिवशी कागदावर हिशोब केला. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे ११६ इंच. मागची बाजू ३ इंच खाली गेली, तर १०० फुटांवर झोत अडीच फुटांहून जास्त वर चढतो. म्हणजे नेमका समोरच्याच्या डोळ्यांत. ट्रकवाल्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या परत घेतल्या.

गाडी म्हणजे १९९५ ची ब्यूइक रोडमास्टर इस्टेट, म्हणजे स्टेशन वॅगन. भारतातल्या वाचकांना स्टेशन वॅगन म्हटलं की फार तर १९९२ साली आलेली पुण्याची टाटा इस्टेट आठवेल. रोडमास्टरपुढे ती धाकटी बहीण. ही साडेपाच मीटर लांब, वजन दोन टनांच्या आसपास, पुढे ५.७ लिटरचं २६० अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन, आणि दोन्ही अंगांना लाकडाच्या रंगाचा चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. हो, कागदच. त्यात लाकूड नावालाही नाही. पूर्वी रेल्वे स्टेशनवरून उतारू आणि ट्रंका आणायला खऱ्या लाकडी टपाच्या गाड्या असत, त्यावरूनच स्टेशन वॅगन हे नाव पडलं. लाकूड गेलं, स्टेशनंही बहुतेक गेली, कागद तेवढा राहिला. माझी बायको त्याला फॉर्मायका म्हणते. लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या घरात ओट्याखाली तस्साच होता म्हणे.

ही जातच आता संपली. टेक्सासमधल्या अर्लिंग्टनच्या कारखान्यात डिसेंबर १९९६ मध्ये या चॅसीवरची, म्हणजे खालच्या सांगाड्यावरची, शेवटची गाडी निघाली आणि कारखाना ट्रकसारख्या उंच, धिप्पाड गाड्यांकडे वळवला गेला. फोर्डने आपली मोठी वॅगन त्याआधीच, १९९१ ला बंद केली होती. कारणं सगळे जाणतात. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरची मिनीव्हॅन आली आणि मुलंबाळं असलेली घरं तिकडे पळाली. शिवाय १९७५ च्या कायद्याने मोटारींना पेट्रोल कमी खाण्याचं जे बंधन घातलं, ते ‘ट्रक’ या सदरातल्या गाड्यांना सैल होतं. तेवढंच वजन, तेवढंच पेट्रोल, पण कागदावर ट्रक म्हटलं की झालं. तीच गाडी चार इंच उंच करून लोकांना विकली गेली, असं मी म्हटलं की माझे मित्र विषय बदलतात.

मी ती घेतली २००७ साली, एका आजोबांकडून. तेव्हा मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार. तिसरी सीट उलट्या तोंडाची, म्हणजे मागच्या काचेतून बाहेर बघणारी. मुलं तिथेच बसायची. पुढचं काही दिसायचं नाही, फक्त मागे पडलेला रस्ता. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांना हात करायची. कोणी हात केला नाही तर पुढे माझ्याकडे तक्रार यायची. आता मुलगी शिकागोत नोकरीला आहे, मुलगा कॉलेजच्या वसतिगृहात. तिसरी सीट घडी होऊन तळाशी गेलेली आहे, आणि वर्षातले साडेतीनशे दिवस या साडेपाच मीटर लांबीच्या गाडीत मी एकटा आणि दुधाचा एक कॅन असतो.

मग ही डागडुजी कशासाठी? गणपतीसाठी. आमच्या पथकात बाकी सगळ्यांकडे चकचकीत गाड्या आहेत, पण ४ बाय ८ ची प्लायवूडची शीट न कापता आत सरकवता येईल अशी एकच. त्यामुळे मखर, ढोल आणि पावसात भिजलेल्या पताका यांचा वारसाहक्क माझ्याकडे.

पहिली चूक मी अगदी शहाण्यासारखी केली, म्हणजे गॅरेजवाल्याला विचारून. त्याने गाडी मागून दाबून बघितली आणि म्हणाला, शॉक गेलेत, हवेचे शॉक टाका. म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरभोवती रबरी पिशवी असते, तिच्यात हवा भरली की गाडी वर उचलली जाते. टाकले. गाडी वर आली. मी खूश. पुढच्या मार्चमध्ये, खड्ड्यांच्या मोसमात, डाव्या बाजूने टक्-टक् सुरू झालं. खाली वाकून बघितलं तर शॉक वर जिथे आडव्या पट्टीला दोन बोल्टनी धरलेला असतो, तिथला पत्रा तडकत चालला होता. डाव्या पिशवीतली हवाही निम्मी गेली होती. गाडी तिरकी उभी होती, एका पायावर भार देऊन बसस्टॉपवर उभं राहिलेल्या माणसासारखी.

जूनमध्ये आप्पा आले.

आप्पांनी कोल्हापूरच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं पाना चालवला. शेवटी हेड मेकॅनिक झाले, पण तोंडात शब्द कायम ‘फिटर’ हाच. वय शहात्तर, दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. अमेरिकेत त्यांना बघण्यासारखं फारसं काही वाटत नाही. नायगारा बघून म्हणाले होते, “पाणी हाय.” पण या गाडीभोवती मात्र सकाळ-संध्याकाळ एक फेरी व्हायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहाचा कप टपावर ठेवला, मागच्या बंपरवर दोन्ही तळवे ठेवून अंगाचा भार दिला आणि सोडला. गाडी एकदा खाली गेली, वर आली आणि थांबली.

“शॉकअप चांगलं हाईत की रं,” आप्पा म्हणाले.

“नवे आहेत, आप्पा. हवेचे.”

“मग हे बसलंय कशानं?”

“वजनानं.”

“आता कुठाय वजन?”

मला उत्तर देता येईना. गाडी रिकामी होती. आप्पांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि एसटीत नव्या पोरांना शिकवताना म्हणत असतील तसं म्हणाले, “वजन पाटा उचलतोय. शॉकअप नुसता त्याचा नाच थांबवतोय. नाच थांबवणाऱ्याच्या डोक्यावर तू बोचकं दिलास.”

एका वाक्यात सगळा धडा. मी इंजिनिअर आहे, कॉलेजात स्प्रिंग आणि डँपरचं समीकरण कितीतरी वेळा सोडवलेलं आहे, आणि तरीही गॅरेजात मान डोलावून आलो होतो. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉक वजन पेलत नाही, तो फक्त स्प्रिंगची उसळी जिरवतो, आतल्या तेलाला बारीक भोकांतून ढकलून. जिथे तो चॅसीला धरलेला असतो ती जागा उसळी सोसण्याइतकीच भक्कम केलेली असते. तिथे सहा ढोल टांगले की पत्रा तडकणारच.

अर्थात आप्पा पाटा म्हणत होते आणि माझ्या गाडीला पाटे नाहीत, गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. हे कळल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला. खाली सतरंजी टाकून, मी नको नको म्हणत असताना, ते अर्धे गाडीखाली सरकले आणि बॅटरी मारून पाच मिनिटं बघत राहिले. “आणि ह्या चार काठ्या कशाला?” असा प्रश्न आतून आला.

हा प्रश्न खरंच चांगला आहे. एसटीच्या किंवा ट्रकच्या मागच्या पाट्यांकडे बघा. एकावर एक रचलेल्या वाकलेल्या पट्ट्या, मध्ये सेंटर बोल्ट, दोन यू-बोल्टनी ॲक्सलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाला, आवळलेल्या. तो पाटा एकाच वेळी तीन कामं करतो. वजन पेलतो. ॲक्सलला जागेवर धरतो, पुढे-मागे आणि बाजूला सरकू देत नाही. आणि पट्ट्या एकमेकींवर घासतात म्हणून उसळीही थोडी आपोआप जिरते. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखा. गुंडाळीची स्प्रिंग मात्र एकच काम जाणते, खाली दाबली की वर ढकलायचं. ॲक्सल कुठे चाललाय याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून ॲक्सलला धरायला चार दांडे लागतात. खालचे दोन गाडीच्या लांबीत सरळ, वरचे दोन तिरके, म्हणजे ॲक्सल बाजूलाही सरकत नाही. आणि घासायला पट्ट्या नाहीत म्हणून शॉकशिवाय ती उड्याच मारत राहील. जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगनला १९७१ ते १९७६ मागे पाटेच होते. १९७७ ला गाड्या लहान केल्या तेव्हा गुंडाळी आली. हे आप्पांना सांगितलं तर म्हणाले, “मग शहात्तरचीच घ्यायची.”

खरी दुखणी शोधायची तर आधी मापं घ्यायला हवीत. लोक जमिनीपासून चाकाच्या कमानीपर्यंत टेप लावतात, पण त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. शिवाय या वॅगनचा मागचा पत्रा चाकावर पदरासारखा खाली आलेला असतो, चाक अर्धवट झाकलेलं. म्हणून ॲक्सलची नळी ते चॅसी असं अंतर मोजलं. डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच खाली. मी म्हटलं, स्प्रिंग मऊ पडली. हाही गैरसमजच. स्प्रिंगचा ताठपणा ठरतो तो तारेच्या जाडीवर, गुंडाळीच्या व्यासावर आणि वेढ्यांच्या संख्येवर. त्यातलं वयोमानाने फारसं काही बदलत नाही. वर्षानुवर्षं भाराखाली उभं राहून पोलाद थोडं थोडं कायमचं दबतं, म्हणजे स्प्रिंग मऊ नाही, बुटकी होते. दाबाला तेवढंच उत्तर देते, पण खालच्या पायरीवरून.

पाना लावायला सुरुवात केली शनिवारी सकाळी. शेजारचे म्हातारबुवा आपला मोठा जॅक घेऊन आले. ते मोटारीचे पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना मराठी येत नाही, आप्पांना इंग्रजी येत नाही. दोघांनी एकमेकांचे हात बघितले आणि परिचय झाला. दोघांचंही एकेक नख कायमचं काळं झालेलं होतं.

डेट्रॉईटच्या पोटात मिठाची खाण आहे, सुमारे १२०० फूट खोल. शहराखाली खणलेलं ते मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. शहराने गाड्या बनवायच्या आणि शहराखालच्या मिठाने त्या खायच्या, असा हा सगळा संसार. या मिठाची खरी करामत बघायची असेल तर वीस-पंचवीस हिवाळे खाल्लेल्या गाडीचा शॉकचा वरचा बोल्ट सोडवून बघा. जागा अशी की हात जातो पण डोळा जात नाही, डोळा जातो तर पाना फिरत नाही. शॉक बदलून एक हिवाळाच झाला होता, पण गॅरेजवाल्याने जुनेच बोल्ट परत लावलेले. आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं होतं. पहिला बोल्ट सुटला. दुसरा किरकिरत पाव फेरा आला आणि मग एकदम हलका झाला. हा हलकेपणा ज्यांनी कधी हाताला अनुभवलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बोल्ट सुटलेला नसतो, तुटलेला असतो.

“लई जोर लावू नगं म्हनलं हुतं,” आप्पा खुर्चीतून म्हणाले. त्यांनी तसं काही म्हटलेलं नव्हतं.

म्हातारबुवांनी आग लावायची सूचना केली. पेट्रोलची टाकी मागच्याच बाजूला असताना गॅसची ज्योत घेऊन आडवं पडायला मी तयार नव्हतो. शेवटी ड्रिल, दोन मोडकी पाती, एक फाटलेला हातमोजा आणि सव्वातीन तास. एका बोल्टसाठी. तडकलेल्या पत्र्याला पाठीमागून जाड पट्टी लावून आवळली. बाकीचं काम त्यामानाने सोपं. चॅसीखाली दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड, ॲक्सलखाली जॅक, शॉकचे खालचे नट काढायचे, ब्रेकची रबरी नळी ॲक्सलला धरणारी पट्टी सोडायची, नाहीतर सगळा ॲक्सल त्या नळीला लोंबकळतो, आणि मग जॅक हळूहळू उतरवायचा. एका क्षणी स्प्रिंगवरचा भार संपतो आणि ती हातात येते, पिकलेल्या आंब्यासारखी. डावी स्प्रिंग बाहेर आली तेव्हा पाऊण इंचाचा उलगडा झाला. खालचं टोक, जिथे मीठ-चिखल साठतो, दोन बोटं तुटून पडलेलं होतं. तो तुकडा खालच्या वाटीतच होता. आप्पांनी तो धुवून खिशात टाकला.

आता दुसरी चूक. मी नव्या स्प्रिंगा मागवल्या त्या जड. जास्त वजनाच्या, जाड तारेच्या. हिशोब सरळ होता, गाडी बसते ना, मग ताठ स्प्रिंग टाका. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे तार फक्त १० टक्के जाड केली तर स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्के ताठ. डोळ्यांना फरक दिसत नाही, कमरेला कळतो.

गाडीचं बूड दिमाखात वर आलं. आम्ही तिघं फेरी मारायला निघालो, आप्पा मागच्या सीटवर. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर काँक्रीटच्या फरशांचे सांधे आहेत. दर सांध्याला गाडी मागून टुणकन उडाली. सुपरमार्केटच्या आवारातल्या गतिरोधकावर आप्पांची टोपी टपाला लागली. घरी परतेपर्यंत कोणी बोललं नाही. उतरल्यावर आप्पा म्हणाले, “रिकामी एसटी.”

यापुढे मला काही समजावून घ्यायचं उरलं नाही. पहाटेची पहिली एसटी आठवा. सहा प्रवासी, सगळे पुढे. तुम्ही जागा मिळाली म्हणून हौसेने शेवटच्या बाकावर बसलात. खिडक्यांच्या काचा, कंडक्टरची पेटी, तुमचे दात, सगळं एका तालात. तीच गाडी दुपारी बाजाराच्या दिवशी ठेचून भरली, दारात माणसं लोंबकळायला लागली की कशी तोल सांभाळत, सावकाश झुलत जाते. पाटे भरलेल्या गाडीसाठी बनवलेले असतात. रिकामी असताना त्यांना वाकायला कारणच नसतं. एसटीला ते परवडतं, तिचा धंदाच भरून जाण्याचा. माझी गाडी साडेतीनशे दिवस दुधाचा कॅन वाहते, आणि मी तिला दोन दिवसांच्या ढोलांसाठी बांधून ठेवली होती. लग्नकार्याला लागणाऱ्या हंड्यात रोजचा दोन कप चहा उकळण्यातला हा प्रकार.

वॅगनचा खरा पेच हाच आहे आणि तो जुनाच आहे. लहान मोटारीत माणसं बहुतेक दोन चाकांच्या जोड्यांमध्ये बसतात, भार वाटला जातो. वॅगनमध्ये सामान सगळं मागच्या ॲक्सलवर आणि त्याच्याही मागे. रिकामी आणि भरलेली यांत जमीन-अस्मानाचा फरक. याचं राजेशाही उत्तर युरोपने शोधलं. सिट्रोएनने १९५४ सालीच एका मोटारीच्या मागच्या चाकांना पोलादाऐवजी तेल आणि वायूवर उभं केलं, पुढच्याच वर्षी आलेल्या डीएस या मोटारीला चारी चाकांवर. कितीही भरा, गाडी आपली उंची आपण राखते. मर्सिडीजने १९७७ मध्ये आपली पहिली कारखान्यात बनलेली इस्टेट काढली तेव्हा मागची उंची आपोआप सारखी ठेवणारी व्यवस्था तिच्यात मुळातच दिलेली होती, वेगळे पैसे न घेता. व्होल्व्होने असं काम करणारे शॉक वापरले, जे रस्त्याच्या धक्क्यांतूनच स्वतःला पंप करून घेतात. ते मला फार आवडतात, नुसतं वाचायलाही.

माझ्या गाडीतही एके काळी त्याचा गरीब भाऊ होता. ॲक्सलची उंची मोजणारा एक छोटा दांडा, एक विजेवरचा कॉम्प्रेसर, आणि हवेचे शॉक. सामान भरलं की काही सेकंद वाट बघून, म्हणजे खड्ड्याला फसून नव्हे, कॉम्प्रेसर घूं करायचा आणि गाडी सरळ व्हायची. ती व्यवस्था थोडाच भार उचलायच्या बेताने आखलेली होती. पण मी गाडी घेतली तेव्हा तिच्या नळ्या मिठाने आणि वयाने कधीच कुरतडल्या होत्या, आणि आजोबांनी ती सोडवून टाकली होती. काढलेला कॉम्प्रेसर त्यांनी मला एका बुटांच्या खोक्यात घालून दिला. अजून तो गॅरेजात आहे. का ठेवलाय, विचारू नका.

तर पुढच्या शनिवारी जड स्प्रिंगा बाहेर आणि कारखान्याच्या मापाच्या नव्या स्प्रिंगा आत. या वेळी सगळे बोल्ट लोण्यासारखे सुटले, कारण आठवड्यापूर्वी मीच ग्रीस लावून घातले होते. साधे, बिनहवेचे, चांगल्या प्रतीचे शॉक. चारही दांड्यांच्या रबरी बुश बदलल्या. आणि प्रत्येक स्प्रिंगच्या पोटात एक हवेची पिशवी. पिशवी म्हणजे जाड प्लास्टिकची नळकांडी. आतली हवा पिळून काढून तिची गुंडाळी करायची, वेढ्यांच्या फटीतून आत सारायची आणि मग फुगू द्यायची. भार येतो तो स्प्रिंगच्याच वाटीवर, जिथे तो यायला हवा. हवा कमीत कमी ५ पौंड, जास्तीत जास्त ३५. ५ पेक्षा खाली जायचं नाही, कारण पूर्ण रिकामी पिशवी वेढ्यांत चिमटून फाटते.

या पिशव्यांबरोबर दोन्ही नळ्या एकत्र जोडायला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मिळतो. त्यामुळे हवा भरायचं तोंड एकच राहतं, सोय होते. आप्पांनी तो टी हातात घेऊन फिरवला. “वळणावर उजवीकडची हवा डावीकडं जाणार की,” म्हणाले. अगदी बरोबर. ज्या बाजूवर भार येतो तीच बाजू हवा सोडून देणार आणि गाडी आणखी कलणार. त्यांनी आयुष्यात ही पिशवी बघितलेली नव्हती. टी खोक्यात परत गेला, नळ्या वेगळ्या ठेवल्या आणि नंबरप्लेटच्या मागे दोन तोंडं काढली.

दांड्यांचे बोल्ट शेवटपर्यंत सैल ठेवले आणि गाडी चाकांवर उभी केल्यावर आवळले. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. ॲक्सल खाली लोंबत असताना बोल्ट आवळले तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पीळ खाऊन राहतं आणि दोन वर्षांत फाटतं. म्हातारबुवांना हे मी सांगायला गेलो, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच गप्प झालो.

एक मोह टाळला. याच चॅसीवरच्या इम्पाला एसएसचा मागचा अँटी-रोल बार वॅगनला घालून वळणांवर झुकणं कमी करता येतं. हौशी मंडळी हटकून घालतात. पण फक्त मागची बाजू ताठ केली की बर्फात शेपूट आधी सुटतं, आणि मी काही ऑगस्टमधल्या वुडवर्ड अव्हेन्यूच्या जत्रेत गाडी मिरवायला चाललो नव्हतो. तिथे दर वर्षी जुन्या गाड्यांची रांग लागते. आप्पांना नेलं होतं. तासभर उन्हात उभे राहून त्यांनी फक्त गाड्यांच्या खाली बघितलं.

आप्पा ऑगस्टअखेर परत गेले. गणपती सप्टेंबरात. तिकीट पुढे ढकलता आलं असतं, पण घरचा गणपती तिकडे असतो, त्याला कोण बसवणार.

आदल्या संध्याकाळी ढोल भरले. सहा ढोल, ताशे, फळ्या, तीच तीन दणकट मुलं, एक वर्षाने आणखी दणकट. पंपाने डावीकडे २४ पौंड, उजवीकडे २२. ड्रायव्हरची बाजू, म्हणून दोन जास्त. ॲक्सल ते चॅसी टेप लावला. दोन्हीकडे सारखं, आणि रिकाम्या गाडीपेक्षा जेमतेम अर्धा इंच कमी. फोटो काढून आप्पांना पाठवला. कोल्हापुरात पहाट होती. लगेच दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर मात्र आलं नाही.

हॉलला जाताना मध्ये रेल्वेचे रूळ आडवे जातात. गेल्या वर्षी तिथे खालून असा दणका बसला होता की एका ढोलाचा हूक तुटला. मी वेग कमी केला नाही. गाडी एकदा श्वास घेतल्यासारखी खाली गेली, वर आली आणि थांबली. मागून एक ताशा नुसता किणकिणला. समोरून येणाऱ्या कुणीही दिवे मारले नाहीत.

रात्री साडेअकराला घरी आलो. सामान उतरवलेलं, मुलांना त्यांच्या घरी सोडलेलं. रिकाम्या गाडीचं बूड दोन इंच वर उचलून आलं होतं, आणि शेवटच्या दोन मैलांत काँक्रीटच्या सांध्यांवर तेच टुणटुण. दार लावायच्या आधी बाजूची वीट गाडीमागे टाकून तिच्यावर बसलो, टोपणं काढली आणि पिन दाबली. सूं करून हवा निघायला लागली. ढोल वाजवून कान बधीर झालेले, त्यामुळे आवाज फार लांबून आल्यासारखा. गाडी दिसेल न दिसेल अशी हळूहळू खाली येत होती.

खिशात फोन थरथरला. आप्पांनी फोटो पाठवला होता. देवघराच्या बाजूच्या खिडकीत, तांब्याच्या गडूशेजारी, दोन बोटं लांबीचा पोलादाचा तुकडा, घासून लखलखीत केलेला. खाली एकच ओळ, ‘हवा काढलीस का’.

मी गेज लावला. आठ पौंड होते. अजून थोडी काढली.